अनुत्तीर्ण आणि अनुपस्थित : सोर्स कोड विश्लेषक साधनांतील एक्झिट कोडची समीक्षा

प्रस्तावना

कमांड लाईनवर चालणारी प्रत्येक आज्ञावली काम संपवताना कार्यप्रणालीच्या हाती एक पूर्णांक ठेवून जाते. या पूर्णांकाला एक्झिट कोड असे म्हणतात. शून्य म्हणजे काम सुरळीत झाले आणि शून्येतर म्हणजे काही बिघडले, इतकाच त्याचा अर्थ पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो व पुढील प्रकरणाकडे वळले जाते. फाइलची प्रत करणाऱ्या किंवा निर्देशिका तयार करणाऱ्या साध्या आज्ञेपुरता हा अर्थ पुरेसाही आहे. तथापि सोर्स कोडचे परीक्षण करणाऱ्या साधनांच्या बाबतीत तो अपुरा पडतो. अशा साधनाचे कामच मुळी दोष शोधणे हे असल्यामुळे दोष सापडला म्हणजे साधन यशस्वी झाले की अयशस्वी, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

विश्लेषक साधनाला दोन वाचक असतात. पहिला वाचक माणूस. तो पडद्यावर उमटलेला अहवाल वाचतो, ओळ क्रमांक पाहतो, इशाऱ्यात तथ्य आहे की नाही ते स्वतः ठरवतो. दुसरा वाचक यंत्र. बिल्ड प्रणाली, गिटमधील हुक किंवा कंटिन्युअस इंटिग्रेशनची सेवा अहवालातील एकही अक्षर वाचत नाही; तिला फक्त शेवटी आलेला अंक कळतो आणि त्यावरून पुढचे काम चालू ठेवायचे की थांबवायचे हे ती ठरवते. गेल्या दोन दशकांत पहिल्या वाचकाचे प्रमाण घटत जाऊन दुसऱ्याचे वाढत गेले आहे. परिणामी अहवालाच्या भाषेवर जितके श्रम घेतले जातात त्याच्या अंशानेही ज्या अंकावर घेतले जात नाहीत, तोच अंक प्रत्यक्षात निर्णायक ठरू लागला आहे.

विद्यापीठाच्या निकालपत्रकात 'अनुत्तीर्ण' आणि 'अनुपस्थित' अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. दोन्हींचा परिणाम विद्यार्थ्याला पुन्हा परीक्षेला बसावे लागणे हाच असला, तरी एकीत उत्तरपत्रिका तपासली गेली आहे आणि दुसरीत तपासण्यासारखे काही हाती आलेलेच नाही. कोणताही परीक्षा विभाग या दोन नोंदींची सरमिसळ खपवून घेणार नाही. अनुपस्थितास उत्तीर्ण दाखवणे तर गैरव्यवहारच मानला जाईल. विश्लेषक साधनांच्या एक्झिट कोडच्या मांडणीत मात्र ही सरमिसळ सर्रास आढळते आणि अनुपस्थितास उत्तीर्ण दाखवण्याचे प्रकारही घडतात. प्रस्तुत लेखात प्रचलित साधनांची याच निकषावर समीक्षा केली आहे.

पूर्वपरंपरा

या साधनांचा मूळपुरुष म्हणजे बेल लॅब्समधील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८च्या सुमारास सी भाषेसाठी तयार केलेले लिंट. कापडावरील पोपडे व धागे या अर्थाचा इंग्रजी शब्द जॉन्सन यांनी नावासाठी घेतला आणि पुढे तो या संपूर्ण वर्गालाच चिकटला. लिंट हे माणसासाठी लिहिलेले साधन होते. कंपायलर ज्या गोष्टी सोडून देतो त्या निदर्शनास आणणे एवढाच त्याचा उद्देश होता. त्याच्या शब्दावरून एखादी बांधणी थांबवावी अशी अपेक्षा नव्हती.

एक्झिट कोडचा विचारपूर्वक वापर युनिक्समधील दुसऱ्याच दोन साधनांत दिसतो. दोन फाइलींची तुलना करणारे डिफ हे साधन फरक नसल्यास ०, फरक असल्यास १ आणि तुलना करताच आली नाही तर २ हा अंक परत करते. ग्रेप हे शोधसाधन ओळ सापडल्यास ०, न सापडल्यास १ आणि फाइल उघडता आली नाही किंवा अन्य त्रुटी आली तर १ पेक्षा मोठा अंक देते. या मांडणीत 'उत्तर नकारार्थी आहे' आणि 'उत्तर मिळू शकले नाही' यांतील भेद अत्यंत थोड्या अंकांत, पण निःसंदिग्धपणे राखलेला आहे. विश्लेषक साधनांना अनुकरणासाठी याहून चांगला आदर्श मिळाला नसता. सर्वांनी त्याचे अनुकरण केले असते तर या विषयावर लिहिण्यासारखे फारसे उरलेही नसते.

एक तांत्रिक मर्यादाही येथे नोंदवणे आवश्यक आहे. युनिक्स परंपरेतील कार्यप्रणाली एक्झिट कोडचे केवळ शेवटचे आठ बिट पालक आज्ञावलीकडे पोहोचवतात. म्हणजे ० ते २५५ एवढाच पल्ला उपलब्ध असतो. त्यातही शेल १२६ हा अंक आज्ञा सापडली पण चालवता आली नाही यासाठी, १२७ हा आज्ञाच न सापडण्यासाठी आणि १२८ च्या वरचे अंक सिग्नलमुळे झालेल्या समाप्तीसाठी वापरते. एखाद्या साधनाने सापडलेल्या दोषांची संख्याच एक्झिट कोड म्हणून परत करण्याचा मोह धरला, तर नेमके २५६ दोष असलेली आज्ञावली निर्दोष ठरेल. हा विनोद नव्हे. पुढे ज्या साधनाचा विचार करायचा आहे त्याच्या मदत-मजकुरातच हा इशारा दिलेला आहे.

सीपीपीचेक : मौनाची किंमत

सी व सी++ भाषांसाठी असलेले सीपीपीचेक हे मुक्त-स्रोत साधन डॅनियल मार्यामाकी यांनी २००७ मध्ये सुरू केले. खोटे इशारे कमीत कमी असावेत हे त्याचे घोषित धोरण आहे आणि ते बऱ्याच अंशी पाळलेही जाते. परंतु कोणताही पर्याय न देता हे साधन चालवले आणि त्याला शून्य पॉइंटरच्या वापरासारखा गंभीर दोष सापडला, तरी ते तो पडद्यावर छापते आणि शून्य हा एक्झिट कोड देऊन निघून जाते. वाचणारा माणूस समोर असेल तर बिघडत नाही. रात्री आपोआप चालणाऱ्या बांधणीत मात्र हा अहवाल हजारो ओळींच्या नोंदीत गाडला जातो आणि पडद्यावर हिरवी खूण उमटते.

हे बदलण्यासाठी 'एरर-एक्झिटकोड' हा पर्याय आहे. त्यापुढे एखादा पूर्णांक दिल्यास दोष सापडल्यावर शून्याऐवजी तो पूर्णांक परत केला जातो. मदत-मजकुरात पुढे असेही सांगितले आहे की कार्यप्रणाली या मूल्यात फेरफार करू शकते, उदाहरणार्थ २५६ चे ० होऊ शकते. इथवर सर्व ठीक आहे. खरी अडचण पुढील वाक्यात आहे, आणि ती वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. दिलेले पर्याय अवैध असतील किंवा तपासण्यासाठी एकही फाइल मिळाली नाही, तर हे साधन १ परत करते. आता बहुसंख्य लोक सवयीने या पर्यायापुढे १ हाच अंक लिहितात. तसे केले की डिफने जपलेला भेद एका फटक्यात नाहीसा होतो. निर्देशिकेचे नाव चुकल्यामुळे काहीच तपासले गेले नाही आणि दहा दोष सापडले, या दोन्ही घटनांचा अंक एकच. येथे १ ऐवजी १० किंवा अन्य कोणताही लहान, इतरत्र न वापरलेला अंक लिहिला तर भेद शाबूत राहतो. फरक केवळ एका अंकाचा आहे, पण तो करावा लागतो हे साधन स्वतःहून सांगत नाही.

दुसरी बाब 'दोष' या शब्दाच्या व्याप्तीची. सीपीपीचेक आपल्या निष्कर्षांचे त्रुटी, इशारा, शैली, कार्यक्षमता, सुवाह्यता असे वर्ग पाडते. पण 'एरर-एक्झिटकोड' या नावात एरर हा शब्द असला, तरी अंमल केवळ त्रुटी या वर्गापुरता मर्यादित नाही. शैलीविषयक सूचना चालू केल्या असतील तर चलाची व्याप्ती कमी करता येईल एवढी किरकोळ सूचनाही एक्झिट कोड बदलण्यास पुरेशी ठरते. त्यामुळे शैलीचे इशारे पाहायचे असतील तर बांधणी थांबण्याची तयारी ठेवावी लागते; थांबू द्यायची नसेल तर ते इशारेच बंद करावेसे वाटतात. या पेचातून बाहेर पडण्यासाठी 'एक्झिटकोड-सप्रेशन्स' हा स्वतंत्र पर्याय आहे. त्यात नमूद केलेले संदेश छापले जातात, परंतु एक्झिट कोडवर परिणाम करत नाहीत. दाखवणे आणि थांबवणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत हे ओळखून केलेली ही तरतूद या साधनातील सर्वांत समंजस तरतूद म्हणावी लागेल. ती फारशी वापरली जात नाही, हे तिचे दुर्दैव.

पायलिंट : बिटांची बेरीज आणि सरासरीचा भ्रम

पायथॉन भाषेसाठीचे पायलिंट नेमके उलट टोकाला जाते. सीपीपीचेक पूर्वनिर्धारित अवस्थेत मौन पाळते, तर पायलिंट एका अंकात शक्य तितके सांगू पाहते. त्याच्या एक्झिट कोडमधील प्रत्येक बिटाला अर्थ आहे : १ म्हणजे प्राणघातक अडचण आल्याने पुढील प्रक्रिया होऊ शकली नाही, २ म्हणजे त्रुटी, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे पुनर्रचनेची सूचना, १६ म्हणजे संकेतभंग आणि ३२ म्हणजे आज्ञाच चुकीच्या रीतीने दिली गेली. या मूल्यांची बेरीज परत केली जाते. २० हा अंक आला तर त्यात १६ आणि ४ आहेत, म्हणजे संकेतभंग व इशारे आहेत पण त्रुटी नाही. ६ आला तर त्रुटी आणि इशारे आहेत. अंक लहान म्हणजे दोष कमी असे येथे मुळीच नाही. उलट २ हा १६ पेक्षा अधिक चिंताजनक आहे.

मांडणी म्हणून ही रचना देखणी आहे. तपासणी न होण्याच्या दोन्ही कारणांना, अंतर्गत अडचणीला व चुकीच्या आज्ञेला, तिने स्वतंत्र बिट दिले आहेत. 'अनुपस्थित' ही नोंद येथे 'अनुत्तीर्ण'मध्ये मिसळत नाही. पण या रचनेचा लाभ घ्यायचा तर वाचणाऱ्या यंत्राला बिट वेगळे करता आले पाहिजेत, आणि शेलमध्ये ते करण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. बहुतेक ठिकाणी शून्य आहे की नाही एवढेच पाहिले जाते. मग एखाद्या फलनाला वर्णनपर टिप्पणी नाही म्हणून आलेला १६ आणि अस्तित्वातच नसलेल्या चलाचा वापर झाला म्हणून आलेला २ यांना सारखीच शिक्षा होते. आठ-पंधरा दिवस हा जाच सहन केल्यावर एखादा कंटाळलेला प्रोग्रॅमर 'एक्झिट-झिरो' हा पर्याय लावून मोकळा होतो. त्यानंतर काहीही सापडले तरी शून्यच येते.

याहून सूक्ष्म प्रश्न 'फेल-अंडर' या पर्यायाचा आहे. पायलिंट सोर्स कोडला दहापैकी गुण देते. पूर्वनिर्धारित सूत्रानुसार त्रुटींच्या संख्येची पाचपट, अधिक इशारे, पुनर्रचनेच्या सूचना व संकेतभंग, या बेरजेस एकूण विधानांच्या संख्येने भागून दहाने गुणले जाते आणि ते उत्तर दहातून वजा केले जाते. 'फेल-अंडर'पुढे दिलेल्या मर्यादेइतके किंवा तिच्याहून अधिक गुण पडल्यास एक्झिट कोड शून्य होतो. मर्यादा ९ ठेवली आहे असे समजू. एक हजार विधानांच्या आज्ञावलीत २० त्रुटी असल्या आणि दुसरा कोणताही दोष नसला, तर २० गुणिले ५ म्हणजे १००. त्यास १००० ने भागून १० ने गुणल्यास १. म्हणजे गुण बरोबर ९. पायलिंटने स्वतः 'त्रुटी' म्हणून वर्गीकृत केलेले वीस दोष पोटात घेऊन ही आज्ञावली उत्तीर्ण होते. एकच त्रुटी असेल तर गुण ९.९५ पडतात आणि ती कोणाच्या नजरेसही येत नाही. उलटपक्षी, वीस विधानांच्या छोट्या आज्ञावलीत एका त्रुटीमुळे अडीच गुण जातात. म्हणजे प्रकल्प जितका मोठा, तितका एका गंभीर चुकीला आश्रय अधिक. एकूण सरासरीवर उत्तीर्ण करायचे की प्रत्येक विषयात किमान गुण हवेत, हा वाद शिक्षणक्षेत्राला नवा नाही; येथे तो संगणकाच्या आज्ञेत दडलेला आहे एवढेच.

यावर उतारा पायलिंटमध्येच आहे. 'फेल-ऑन' या पर्यायाने विशिष्ट वर्ग किंवा विशिष्ट संदेश नमूद करता येतात आणि तसा एकही संदेश आला तर गुण कितीही असले तरी एक्झिट कोड शून्येतर राहतो. 'फेल-अंडर' वापरायचेच असेल, तर सोबत 'फेल-ऑन'मध्ये त्रुटी व प्राणघातक अडचण हे दोन वर्ग लिहिल्याशिवाय ते वापरू नये. दोन्ही पर्याय एकमेकांना पूरक आहेत, पण पहिला जितका लोकप्रिय झाला तितका दुसरा झाला नाही. आकडा वर चढताना पाहण्यात एक समाधान असते, हे त्याचे कारण असावे.

संकेतांचा गोंधळ

निरनिराळी साधने शेजारी ठेवली असता विसंगती ठळक होते. जावास्क्रिप्टसाठीचे ईएसलिंट दोष असल्यास १ आणि कॉन्फिगरेशन चुकले किंवा साधनच कोसळले तर २ देते. म्हणजे ते डिफच्या परंपरेतील आहे. रूबी भाषेचे रुबोकॉप याच वाटेने जाते. पर्ल भाषेसाठीचे पर्लक्रिटिक मात्र स्वतः अडखळल्यास १ आणि नियमभंग सापडल्यास २ देते. अंक तेच, अर्थ बरोबर उलटे. जावासाठी प्रसिद्ध असलेले पीएमडी नियमभंगासाठी ४ हा अंक राखते. शेलचेकमध्ये १ म्हणजे दोष, २ म्हणजे काही फाइलींवर प्रक्रिया होऊ शकली नाही, आणि ३ व ४ हे आज्ञेतील चुकांसाठी. एका साधनासाठी लिहिलेली शेल-आज्ञावली दुसऱ्या साधनाला जशीच्या तशी लावली, तर ती साधन कोसळल्याच्या घटनेला किरकोळ नियमभंग समजून पुढे जाऊ शकेल. प्रत्येक साधनाचे दस्तऐवज आपापल्या जागी अचूक आहेत. परस्परांत मेळ मात्र नाही.

'काहीच तपासले गेले नाही' या स्थितीबाबत ईएसलिंटची भूमिका विशेष उल्लेखनीय आहे. दिलेल्या नमुन्याशी एकही फाइल जुळली नाही तर ते त्रुटी देऊन थांबते. ही सक्ती नको असेल तर तसा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. चाचण्यांच्या क्षेत्रातील पायटेस्ट हे साधन याच कारणासाठी ५ हा स्वतंत्र अंक वापरते : एकही चाचणी गोळा झाली नाही. निर्देशिकेचे नाव बदलले, पण कॉन्फिगरेशनमधील नाव जुनेच राहिले, ही प्रत्येक प्रकल्पात कधी ना कधी घडणारी गोष्ट आहे. अशा वेळी महिनोन्महिने हिरवी खूण दाखवत राहणारे साधन आणि पहिल्याच दिवशी थांबणारे साधन यांपैकी कोणते अधिक विश्वासार्ह, हे वेगळे सांगावयास नको.

अंकाचा प्रवास

साधनाने योग्य अंक परत केला तरी तो निर्णय घेणाऱ्यापर्यंत तसाच पोहोचेल याची शाश्वती नसते. अहवाल पडद्यावर दिसावा व फाइलमध्येही साठावा म्हणून विश्लेषकाचे निर्गत टी या आज्ञेत पाइपने सोडण्याची पद्धत आहे. शेल मात्र पाइपमालिकेतील शेवटच्या आज्ञेचा एक्झिट कोड हाच संपूर्ण मालिकेचा कोड मानते. टीने फाइल लिहिण्याचे काम चोख केले, म्हणून शून्य. विश्लेषकाने दिलेला अंक मधल्यामध्ये विरून जातो. बॅशमध्ये २००४ सालच्या ३.० आवृत्तीपासून पाइपफेल हा पर्याय यासाठीच उपलब्ध आहे आणि पॉसिक्स मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीत त्याला स्थान मिळाले. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये तर असे आहे की शेल म्हणून बॅश स्पष्टपणे नमूद केले तर पाइपफेल आपोआप लागू होतो. काहीच नमूद केले नाही तर बॅशच चालते, पण पाइपफेलशिवाय. दिसायला निरुपद्रवी अशी एक ओळ असणे वा नसणे यावर परीक्षेचा निकाल अवलंबून राहावा, ही रचना सदोष म्हणावी लागेल.

जीएनयू मेक बांधणी अपयशी झाल्यास मूळ अंक संदेशात छापते, पण स्वतः २ परत करते. एक्सआर्ग्स १ ते १२५ यांपैकी कोणत्याही अंकाचे १२३ करून टाकते. पायलिंटच्या बिटांची काळजीपूर्वक केलेली बेरीज या दोहोंपैकी एकाच्याही हातून गेली की संपली. म्हणून एका अंकात फार मोठा आशय भरण्यापेक्षा तीन-चार स्थितीच स्पष्टपणे सांगणारी डिफची काटकसर अधिक व्यवहार्य ठरते. बारीक तपशील अहवालाच्या फाइलमध्ये असावेत.

आज्ञेच्या शेवटी दोन उभ्या रेघा काढून ट्रू हा शब्द लिहिण्याची क्लृप्ती सर्वांत घातक. तिच्यामुळे दोषच नव्हे तर साधन कोसळल्याची, एवढेच काय साधन संगणकावर नसल्याचीही घटना यशात रूपांतरित होते. 'एक्झिट-झिरो'सारखे पर्याय निदान साधनाच्या कक्षेत राहतात. आज्ञा सापडलीच नाही तर शेलचा १२७ तरी येतो. ही क्लृप्ती तोही गिळते.

अधिकार किती द्यावा

विश्लेषकाच्या शब्दाला थांबवण्याचा अधिकार नसेल तर काय होते, याचे बोलके उदाहरण २०१४ चे आहे. अ‍ॅपलच्या सुरक्षित संपर्काच्या सोर्स कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली. दुसरी ओळ कोणत्याही अटीविना अंमलात येत असल्याने सर्व्हरच्या स्वाक्षरीची पडताळणी करणारा पुढील भागच कधी चालत नव्हता. त्या वर्षी फेब्रुवारीत दुरुस्ती प्रसृत करण्यात आली. हा भाग अगम्य असल्याचा इशारा क्लँग कंपायलर देऊ शकत होता. परंतु तो इशारा नावाने 'सर्व इशारे' असलेल्या पर्यायात समाविष्ट नव्हता. तो वेगळा मागावा लागे. येथेही परीक्षक होता, पण प्रश्नपत्रिकाच त्याच्या हाती दिली गेली नव्हती.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच गंभीर आहे. डेबियनमध्ये २००६ साली ओपनएसएसएलमधील दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या, कारण वॅलग्रिंड व प्युरिफाय ही साधने प्रारंभिक मूल्य न दिलेल्या स्मृतीच्या वापराबद्दल इशारे देत होती. इशारे थांबले. त्याबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सर्व स्रोतही थांबला आणि केवळ प्रक्रिया-क्रमांकाचा, म्हणजे सुमारे ३२,७६८ शक्यतांचा आधार उरला. ल्युसियानो बेलो यांच्या लक्षात ही बाब येऊन मे २००८ मध्ये ती जाहीर होईपर्यंत अशा कमकुवत किल्ल्या तयार होत राहिल्या. वॅलग्रिंड हे चालत्या आज्ञावलीचे परीक्षण करते, सोर्स कोडचे नव्हे, आणि या प्रकरणात एक्झिट कोडने कोणाला अडवले होते असेही नाही. तथापि इशारा नाहीसा करणे हेच उद्दिष्ट बनले की काय घडते ते यातून दिसते. एक्झिट कोड कडक केल्याने हाच दबाव वाढतो. प्रत्येक इशाऱ्यावर बांधणी थांबवणारे कॉन्फिगरेशन प्रोग्रॅमरला विचार करावयास लावते की इशारा गप्प करावयास लावते, हे त्या इशाऱ्यांच्या दर्जावर अवलंबून राहते.

म्हणून थांबवण्याचा अधिकार थोड्या, खात्रीच्या नियमांनाच द्यावा आणि उरलेले इशारे दाखवण्यापुरते ठेवावेत, ही भूमिका अधिक सयुक्तिक वाटते. जुन्या प्रकल्पात हजारो इशारे आधीच साचलेले असतात, तेथे ईएसलिंटच्या 'मॅक्स-वॉर्निंग्ज' पर्यायात आजची संख्या लिहून ती हळूहळू उतरवत नेण्याची पद्धत उपयुक्त आहे. तिच्यात एक पळवाट आहे : संख्या मोजली जाते, ओळख नाही. एक जुना इशारा दूर करून नवा, अधिक वाईट इशारा आणला तरी बेरीज तीच राहते. पीएचपी भाषेसाठीचे पीएचपीस्टॅन जुन्या दोषांची यादीच वेगळ्या फाइलमध्ये नोंदवून ठेवते, त्यामुळे नवा दोष संख्येआड लपत नाही. ही यादी मात्र पुन्हा तयार करणे एका आज्ञेचे काम असल्याने तिच्यातील प्रत्येक बदलाकडे संघातील दुसऱ्या कोणीतरी पाहणे आवश्यक ठरते.

साधनाची आवृत्ती हाही येथे दुर्लक्षित राहणारा घटक. नव्या आवृत्तीत नवे नियम येतात आणि सोर्स कोडमध्ये एक अक्षरही न बदलता कालचा शून्य आज १ होतो. आवृत्ती निश्चित करून ती कॉन्फिगरेशनसोबत प्रकल्पातच नोंदवली नाही, तर बांधणी का थांबली याचे उत्तर शोधण्यात ज्याचा दोष नाही त्याचा दिवस जातो.

कॉन्फिगरेशनची परीक्षा

परीक्षकाचीही परीक्षा घेता येते आणि तिला फार वेळ लागत नाही. चार नमुने पुरतात : एक निर्दोष फाइल, एक मुद्दाम सदोष ठेवलेली फाइल, एक अस्तित्वात नसलेला मार्ग आणि एक व्याकरणदृष्ट्या मोडलेली, म्हणजे साधनाला वाचताच न येणारी फाइल. संपूर्ण मालिकेतून, म्हणजे पाइप, मेक व इंटिग्रेशन सेवा यांसह हे चार नमुने चालवून मिळालेले चार अंक कॉन्फिगरेशनशेजारी लिहून ठेवावेत. पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत एका तासिकेत हा प्रयोग सहज बसतो, आणि शेलमधील डॉलर व प्रश्नचिन्ह या जोडीचा अर्थ फळ्यावर सांगण्यापेक्षा तो त्यातून अधिक स्पष्ट होतो.

सीपीपीचेकला 'एरर-एक्झिटकोड' १० देऊन हे चार नमुने थेट चालवले, तर अनुक्रमे ०, १०, १ आणि १० असे अंक मिळतात. चौथा अंक दुसऱ्यासारखाच आहे. मोडलेल्या फाइलचे पुढील विश्लेषण साधनाने सोडून दिलेले असते, परंतु त्याची नोंद ते व्याकरण-त्रुटी या नावाच्या एका सामान्य दोषाप्रमाणेच करते. अनुपस्थित विद्यार्थी येथे पुन्हा अनुत्तीर्णांच्या यादीत जाऊन बसतो, आणि त्याला बाहेर काढण्यासाठी एक्झिट कोड पुरत नाही. एक्सएमएल स्वरूपातील अहवाल मागवून त्यात त्या विशिष्ट संदेशाची ओळख-खूण शोधणारी आणखी एक ओळ आज्ञावलीत लिहावी लागते.